मास्तरांच्या बायकोचं लायसन

"क्लच. क्लच दाबा, डॉक्टर. डावा पाय. अहो, तो ब्रेक!"

गाडीनं दोन हिसके दिले आणि चौकाच्या ऐन मधोमध ती बंद पडली. चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. एका टेम्पोवाल्यानं खिडकीतून मुंडी बाहेर काढून डॉक्टरीणबाईंच्या अकलेबद्दल आपलं मत खणखणीत आवाजात जाहीर केलं. बाई दातांच्या डॉक्टर. दिवसाकाठी वीस-पंचवीस अनोळखी माणसांच्या तोंडात बेधडक हात घालायच्या, पण या गाडीत बसलं की त्यांच्याच तोंडचं पाणी पळायचं.

मास्तर शेजारच्या सीटवर बागेतल्या बाकावर बसावं तसे बसले होते.

"गाडी बंद पडली म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही," ते म्हणाले. "श्वास घ्या. मी आहे. हे सगळे हॉर्न वाजवतायत ना, त्यातला एकही आईच्या पोटातून शिकून आलेला नाही. त्यांना थांबू दे. आता न्यूट्रल करा, किल्ली फिरवा. पुन्हा पहिल्यापासून."

गाडी सुरू झाली, गुरगुरत निघाली आणि चौक पार झाला. डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा घाम पुसला.

"मास्तर, तुमच्या घरच्यांचं नशीब हो," त्या म्हणाल्या. "इतका शांत माणूस! आमच्याकडे माझ्या हातून एक कप फुटला तर आठवडाभर ऐकावं लागतं."

मास्तर नुसते हसले. हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षांत निदान पाचशे वेळा ऐकलं असेल. आणि इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट माणसाला हळूहळू खरी वाटायला लागते, तशी त्यांनाही ती खरीच वाटत आली होती.

मास्तरांनी जन्मात कुणाला शिवी दिली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. घरात कधी आवाज चढवला नाही, हात उगारणं तर लांबच. पण दिवसभर साखरेत घोळलेली त्यांची जीभ घराच्या उंबऱ्याशी आली की तिला धार चढायची. भाजी अळणी झाली, की "आज मीठ रजेवर आहे वाटतं." बायको शेजारणीची हकीकत सांगायला लागली, की "मुद्द्याला आज पोचणार, की वाटेत मुक्काम आहे?" ती फोन उशिरा उचलायची, तर म्हणायचे, "मला वाटलं घर विकलंस." सगळं हसत हसत. पाहुणे पोट धरून हसायचे आणि म्हणायचे, मास्तर म्हणजे मैफलीचा माणूस. सुरुवातीला बायकोही हसायची. पुढे पुढे ती बोलायला तोंड उघडण्याआधी एकदा मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून घ्यायला लागली आणि त्यातली अर्धी वाक्यं मग आतल्या आतच राहायला लागली. "आमची मुळातच अबोल," असं मास्तर लोकांना सांगत.

सगळं गाव तिला मास्तरीणबाई म्हणायचं. "तुम्हाला काय, घरातच शाळा! तुम्ही तर डोळे मिटून गाडी चालवत असाल," असं नवे शिकाऊ तिला म्हणायचे. तिला गाडी येत नव्हती. ती नुसती हसून आत जायची.

त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीतल्याच कुणीतरी उठून दहा मिनिटं बोलायचं, अशी पद्धत होती. गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी मास्तरांना उभं केलं. विषय होता जीभ. मास्तरांनी शास्त्रातला उतारा वाचला आणि पुस्तक मिटून आपल्या पद्धतीनं सांगायला सुरुवात केली. एवढ्याशा लगामानं घोडा वळतो, वीतभर सुकाणूनं जहाज वळतं, तशी ही दोन इंचांची जीभ अख्खं आयुष्य वळवते. मग ते म्हणाले, "माझ्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या पायाशी. तो चुकला तरी मी आहे. पण जिभेच्या बाबतीत देवानं शेजारी बसून ब्रेक दाबणारा कुणी दिलेला नाही. तो ज्याचा त्यानंच दाबायचा. एकाच झऱ्याला सकाळी गोड आणि संध्याकाळी कडू पाणी येत नसतं, भावांनो."

बाकांवरून हुंकार उठले. दोन म्हाताऱ्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. दाराशी पाळकसाहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मास्तर तरंगतच घरी आले. दाराशी बायको पर्समध्ये किल्ली शोधत होती.

"अगं, तीस वर्षं या कुलपाला एकच किल्ली लागते," मास्तर म्हणाले. "दर वेळी ओळख परेड कशाला घेतेस?"

उपदेशाला पुरता तासही झाला नव्हता. मास्तरांच्या ते गावीही नव्हतं. बायकोनं दार उघडलं, बाजूला झाली आणि त्यांना आधी आत जाऊ दिलं.

गाडी चालवायची परीक्षा गावाबाहेरच्या मैदानावर व्हायची. भोवती जाळीचं कुंपण, जमिनीवर पांढरे पट्टे, उलटी गाडी घालण्यासाठी रोवलेले खांब आणि कोपऱ्यात पाण्याची टाकी. त्या गुरुवारी मास्तर डॉक्टरीणबाईंना आणि आणखी दोघांना घेऊन तिथं गेले होते. बायको सकाळीच भगिनी मंडळाला गेली होती. गेले दोन महिने दर मंगळवारी आणि गुरुवारी ती जायची. "एवढी प्रार्थना माझ्यासाठी चालली असेल तर सांग त्यांना," मास्तर परवाच म्हणाले होते, "फळ येत नाहीये."

मैदानात एक छोटी हिरवी गाडी परीक्षा देत होती. ती गाडी मास्तरांच्या ओळखीची होती. पंधरा वर्षांपूर्वी एक मुलगी त्यांच्याकडे शिकायला आली होती, इतकी भित्री, की पहिले तीन दिवस नुसती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मास्तरांनी तिला चाळीस धडे दिले, एकदाही आवाज चढवला नाही. आता तिनं स्वतःची शाळा काढली होती, बायकांसाठी. ती कुंपणाच्या आत एका बाजूला हाताची घडी घालून उभी होती. तिला हाक मारावी म्हणून मास्तर जाळीजवळ गेले आणि त्यांचं लक्ष गाडीत गेलं.

शेजारी इन्स्पेक्टर बसला होता आणि स्टिअरिंगवर त्यांची बायको होती.

आधी त्यांना वाटलं, तिच्यासारखी दिसणारी कुणीतरी असेल. पण ती मान, तो चष्मा नाकावर सारायची लकब, पस्तीस वर्षांत दुसऱ्या कुणाची असणार? ती गाडी उलटी घालत होती. नुसत्या आरशावर विसंबून नाही. खांद्यावरून पूर्ण मागे वळून, सावकाश, क्लचवर. हात एकमेकांवर चढत नव्हते. मागचं चाक पट्ट्यापासून वीतभर अंतर राखून वळलं. मास्तरांनी हजारो माणसं शिकवली होती. चांगली गाडी त्यांना आवाजावरून कळायची. ही चांगली होती. त्यांचा ऊर भरून आला आणि नकळत चेहऱ्यावर हसू आलं.

त्याच क्षणी बायकोनं वर पाहिलं. जाळीपलीकडे नवरा उभा होता आणि तो हसत होता.

ते हसू तिच्या ओळखीचं होतं. त्या हसण्यामागून काय येतं, हे तिला पस्तीस वर्षांचं पाठ होतं. तिचा पाय क्लचवरून सुटला, गाडी गचकन बंद पडली. तिनं किल्ली फिरवली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्या वेळी गाडी सुरू झाली ती उडी मारूनच आणि मागचा खांब आडवा झाला. इन्स्पेक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो उतरून गेला.

मास्तर एक अक्षरही बोलले नव्हते.

हिरव्या गाडीवाली धावत गेली. दार उघडून ती बायकोशेजारी उकिडवी बसली आणि तिनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. वारा जाळीच्या दिशेनं होता, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मास्तरीणबाई, इकडे बघा. गाडी बंद पडली म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. श्वास घ्या. मी आहे. यातला एकही माणूस आईच्या पोटातून शिकून आलेला नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा येऊ. पुन्हा पहिल्यापासून."

तेच शब्द होते. थांबायची जागाही तीच, "मी आहे"च्या आधी. पंधरा वर्षांपूर्वी मास्तरांनी एका परक्या मुलीला जे दिलं, ते ती आज त्यांच्या बायकोला देत होती, आणि बायको ते तहानेल्यासारखी ऐकत होती. मास्तर वळले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहिले. हिरवी गाडी जाईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. डॉक्टरीणबाई पास झाल्या, नाचत आल्या. मास्तर त्यांना "शाब्बास" म्हणाले.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तरांनी वाटेत चार-पाच वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं ते भलतंच.

"कधीपासून?"

"दोन महिने."

"म्हणजे भगिनी मंडळ..."

"पहिले दोन मंगळवार गेले होते. मग नाही."

दोन महिने या बाईनं ताकास तूर लागू दिली नव्हती. मास्तर खुर्चीत बसले. "मला सांगितलं असतंस तर मीच शिकवलं असतं. घरात मास्तर असताना लोकांकडे..."

"शिकवलं होतंत की," ती म्हणाली. "एकदा."

मास्तरांना आठवायला वेळ लागला नाही. तो किस्सा त्यांनीच इतक्यांदा सांगितला होता. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सुट्टीचा दिवस, मोकळं मैदान, मागच्या सीटवर आठ वर्षांची मुलगी. बायकोनं गाडी मागे घेताना झाडाला ठोकली, मागचा दिवा फुटला. मास्तर म्हणाले होते, "अगं, देवानं डोकं आत काही ठेवायलाही दिलंय, नुसती वेणी घालायला नाही." मागे मुलगी खिदळली. बायकोही हसली, उतरली आणि शेजारच्या सीटवर येऊन बसली. ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली नाही. वाक्य मात्र घरात राहायला आलं. नंतर नंतर तर पूर्ण वाक्याचीही गरज उरली नाही. दूध उतू गेलं, की मास्तर नुसतं "वेणी!" म्हणायचे आणि मुलगी हसायची. चर्चच्या सहलीत त्यांनी तो किस्सा पन्नास माणसांना सांगितला होता. अकरा वर्षांपूर्वी बायकोनं लांबसडक केस कापून मानेपर्यंत आणले, तेव्हाही ते म्हणाले होते, "आता तर डोक्याला तेवढंही काम उरलं नाही."

"ती गंमत होती गं," मास्तर म्हणाले.

"हो. मी हसले नव्हते का?" तिनं एका सदऱ्याची बाही सरळ केली. "सव्वीस वर्षं हसले की."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं, रागाला उत्तर देता येतं.

"ताईकडे जायचं असतं मला," ती पुढे म्हणाली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला वृद्धांच्या संस्थेत होती, खुबा मोडल्यापासून पलंगावरच. तिकडे बस दिवसातून दोनदाच. "तुम्ही नेता, नाही असं नाही. पण वाटेत तुमचं आपलं चालू असतं ना... तिला काय काय सांगायचं ठरवलेलं असतं मी, ते पोचेपर्यंत राहतच नाही डोक्यात."

मास्तरांनी खाली पडलेला मोजा उचलून ढिगात ठेवला.

"त्या बाई इतक्या छान बोलतात," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी तिचा चेहरा बोलताना खुलला. "कुणी माझ्याशी असं बोललंच नव्हतं कधी. कितीदा बंद पाडली मी गाडी! तर म्हणतात, आभाळ कोसळलं नाही, श्वास घ्या, मी आहे. रात्री उशीवर डोकं टेकलं ना, की तेच आठवतं मला."

ते माझं आहे. माझ्याकडून शिकली ती. शब्द मास्तरांच्या दातांपर्यंत आले. आत्ता सांगितलं तर निदान एवढं तरी आपल्या पदरात पडेल, असं त्यांना वाटलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं, की सांगितलं तर तिच्याकडचं तेही जाईल. ज्या तोंडातून 'वेणी' आली त्याच तोंडातले हे शब्द, हे कळल्यावर त्यांना उशीवर डोकं टेकून कोण आठवील? मास्तरांनी मूग गिळले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो जिभेचा ब्रेक दाबला, आणि तो दाबताना इतकं दुखतं, हे उपदेशात सांगायचं राहून गेलं होतं.

"मी चुकलो," ते शेवटी म्हणाले.

"असू दे," ती म्हणाली. गर्दीत कुणाचा पाय पायावर पडला तर म्हणतात, तसं. आणि घड्या घेऊन कपाटाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुपारी मुलीला फोन केला. ती नवऱ्यासोबत दुसऱ्या शहरात राहायची. तिला आता स्वतःचीच नऊ वर्षांची मुलगी होती.

"तुला ते झाडाला गाडी ठोकलेली आठवते का गं? आईनं?"

"वेणीवालं?" मुलगी हसली नाही. "आठवतं ना. मी हसले होते. तेव्हा आईनं आरशातून माझ्याकडे पाहिलं होतं."

"कसं?"

"कसं म्हणजे... पाहिलं. मी लगेच गप्प झाले, आणि मग तुम्ही हसलात म्हणून पुन्हा हसले." ती पुढे म्हणाली, "बाबा, एक सांगू? परवा हिला गणित शिकवत होते. सारखी चुकत होती. मी काहीतरी बोलले, फार विनोदी बोलले हं, तुमच्यासारखं. हिनं वही मिटली आणि म्हणाली, झालं माझं. तेव्हापासून तिच्या बाबांकडेच जाते गणित घेऊन." मग ती घाईनं म्हणाली, "तुम्हाला लावून नाही बोलत मी."

"लावून बोललीस तरी चालेल," मास्तर म्हणाले.

त्याच आठवड्यात पाळकसाहेब मास्तरांच्या ड्रायव्हिंग शाळेच्या कचेरीत आले. टेबलावर ठेवलेलं खेळण्यातलं स्टिअरिंग उगाच फिरवत म्हणाले, "मास्तर, शेजारच्या चर्चच्या मंडळीनं खास निरोप धाडलाय. तुमचं ते दोन ब्रेकचं त्यांनाही ऐकायचंय. येत्या रविवारी."

"मला नको, साहेब."

"का? तब्येत?"

"तब्येत ठणठणीत आहे. मी बोललो ते सगळं खरं होतं. फक्त सांगणारा माणूस चुकला."

"अहो, आपण सगळेच अपुरे. असं म्हटलं तर उपदेश करायला उरेल कोण? मी तरी घरी कुठला संत लागून गेलोय?"

"तुमच्या घरची माणसं बोलायच्या आधी तुमच्या तोंडाकडे बघून घेतात का?"

पाळकसाहेबांनी स्टिअरिंगवरचा हात काढला. काय झालं ते मास्तरांनी त्यांना सांगितलं, थोडक्यात, एकही कोटी न करता. ऐकून झाल्यावर साहेब म्हणाले, "क्षमा मागितलीत?"

"मागितली. असू दे म्हणाली."

"मग आता चांगलं बोलत राहा. रोज. सकाळी, संध्याकाळी, चांगलं वाटत असेल तेव्हा, वाटत नसेल तेव्हा. याहून वेगळं औषध शास्त्रातही नाही."

"किती दिवस?"

"भित्र्या शिकाऊला तुम्ही किती धडे देता?"

"चाळीस."

"तेवढ्यात तुमचं भागेल असं दिसत नाही," पाळकसाहेब म्हणाले आणि उठले.

मास्तरांनी सुरुवात केली, पण ते दिसतं तितकं सोपं नव्हतं. भाजी छान झालीय म्हटलं, तर बायकोनं चमचा खाली ठेवून भाजी पुन्हा चाखून पाहिली. नवी साडी तुला शोभते म्हटलं, तर तिनं ती पुन्हा नेसलीच नाही. कोटी सुचायची, ती तर सवयीनं सुचायचीच, ती गिळली की बोलायला दुसरं काही शिल्लक नसायचं. आणि मग दोघं जेवणाच्या टेबलाशी मुक्यानं बसायची. पस्तीस वर्षं आपण घरात नुसत्या कोट्याच करत होतो, याचा शोध मास्तरांना अशा एकेका जेवणात लागत गेला.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मास्तर मैदानाकडे फिरकले नाहीत. आपल्या शिकाऊंना त्यांनी पुढच्या आठवड्याची तारीख घेऊन दिली आणि दिवसभर घरात बसून एकच वर्तमानपत्र तीनदा वाचलं. दुपारी बायको आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "झालं."

"अभिनंदन," मास्तर म्हणाले. कुणा कचेरीतल्या माणसाला म्हणावं तसं ते झालं. पण दुसरं काही म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

"हं," ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

लायसन हातात आल्यावरच्या पहिल्या रविवारी उपासना संपवून दोघं घरी आली. मास्तर बूट काढायला वाकले होते, तेवढ्यात बायको म्हणाली, "ताईकडे जाऊन येते. गाडी घेऊन."

"बरं."

ती दाराशीच घुटमळली. "त्या बाई म्हणतात, पहिले काही दिवस कुणीतरी जाणतं शेजारी असावं. त्यांना आज जमत नाहीये." मग त्यांच्याकडे न बघता ती म्हणाली, "बसाल का?"

"बसतो की."

"बोलायचं नाही."

"नाही बोलणार," मास्तर म्हणाले आणि अर्धवट सुटलेल्या बुटाच्या नाड्या पुन्हा बांधल्या.

घरची गाडी जुनी, करडी. तिच्यात मास्तरांच्या बाजूला दुसरा ब्रेक नव्हता. बायकोनं सीट पुढे ओढली, आरसे वळवले, पट्टा लावला. मास्तरांनी हात मांडीवर ठेवले. गल्लीतून वळताना त्यांचा उजवा पाय आपोआप पायपुसण्यावर दाबला गेला. त्यांनी तो हळूच मागे घेतला. बाजारातून, शाळेवरून, पुलावरून ती नेमस्त चालवत होती. एका सायकलवाल्याला तिनं वाट दिली. एकदा गिअर किंचित उशिरा पडला, मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. वाटेत ती दोनदा पुटपुटली. ताईला काय सांगायचं त्याची उजळणी असावी. आपण शेजारी असूनही ती पुटपुटतेय, एवढ्यानंसुद्धा मास्तरांना भरून आलं.

संस्थेच्या अलीकडे मोठा चढ होता आणि चढाच्या ऐन मध्यावर सिग्नल. लाल लागला. पुढे ट्रक, मागे बस अगदी खेटून. मास्तरांना माहीत होतं, इथं भलेभले घाबरतात. त्यांचे तीस धडे झालेले शिकाऊही इथं गाडी मागे घसरवतात. बायकोनं हँडब्रेक ओढला. हिरवा लागला. तिनं क्लच अर्ध्यावर आणला, इंजिनाचा सूर बदलायची वाट पाहिली, तेवढाच वेळ, एक क्षण कमी नाही की जास्त नाही, आणि हँडब्रेक सोडला. गाडी एक बोटभरही मागे न जाता चढ चढायला लागली.

बोलायचं नाही असं ठरलं होतं. पण हे बोलणं थोडंच होतं? हे आतून आलं होतं. इतक्या वर्षांत याच्याइतकं खरं त्यांच्या तोंडून काही निघालं नसेल.

"छान," मास्तर म्हणाले.

बायकोनं करकचून ब्रेक दाबला. गाडी चढावरच थांबली आणि बंद पडली.

"काय चुकलं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

तिनं हँडब्रेक ओढला, गिअर तपासला. आरशात पाहिलं, डावीकडच्या, उजवीकडच्या. पट्टा ओढून पाहिला. मागे बसचा हॉर्न सुरू झाला होता.

"दार नीट लागलं नाही का?"

"लागलंय. सगळं बरोबर आहे. मी फक्त छान म्हटलं."

ती समोर बघत राहिली. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते, खांदे वर ओढलेले. ती वाक्य पुरं व्हायची वाट बघत होती.

"पण काय?" तिनं विचारलं.